जवसाचा वाख

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी चांडोली नावाचे गाव आहे. १९६०च्या आसपास डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथली पांढरीची माती उकरली, तेव्हा ताम्रपाषाणयुगातली वस्ती हाती लागली. जोर्वे पद्धतीची रंगवलेली खापरे निघाली, घरांच्या चोपलेल्या जमिनी निघाल्या, दफने निघाली. तिथे तांब्याचे काही मणीही मिळाले आणि त्या मण्यांच्या भोकांत धागा अडकून राहिलेला होता. आपल्या हवेत उघडे सूत तीन हजार वर्षे टिकत नाही. चार पावसाळ्यांत त्याची माती होते. इथे तांब्याच्या गंजाने त्याला राखले, कारण त्या क्षारांत कुजवणारे जंतू तग धरत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर कळले, की हा धागा जवसाचा आहे.

जवसाचा धागा म्हणजे लिनन. चटणीला भाजतो तो जवस, ज्याचे तेल रंगकामात आणि बॅट मुरवायला वापरतात तो जवस, वैद्यांची अळशी किंवा अतसी, आणि आज उन्हाळी शर्टांच्या कापडात महाग विकले जाणारे लिनन, ही सगळी एकाच वनस्पतीची घराणी आहेत. एका घराण्याचे बी भरदार, दुसऱ्याचे खोड लांब, एवढाच फरक.

लिननला मराठीत शब्द नाहीत, असे कापडाच्या धंद्यातली शिकलेली माणसे सांगतात. कापडाच्या नावापुरते ते खरे आहे. पण कापड नावाने तयार होत नाही. ते कुजवून, सोलून, चोपून, विंचरून, कातून, पाजून आणि विणून होते. यातल्या प्रत्येक कामाला मराठीत घट्ट, वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे. ते शब्द दुकानात ऐकू येत नाहीत. ते दोर वळणाऱ्यांकडे आणि हातमागावर बसणाऱ्यांकडे आहेत आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे जावे म्हणून हा खटाटोप.

सुरुवात मात्र दुकानापासूनच करावी लागते, कारण आपली लिननशी गाठ तिथेच पडते. दादरच्या एका मोठ्या कापडदुकानात विक्रेता गादीवर ठाण उलगडून म्हणतो, "प्युअर लिनन, साठ ली." ही ‘ली’ काय, असे विचारले तर "बारीक सूत" एवढे उत्तर येते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. लिननचे सूत मोजण्याची रीत आयर्लंड-इंग्लंडमधून आलेली आहे. ३०० वार सुताचा एक ली. एका पौंडात असे जितके ली बसतील तितका सुताचा नंबर. म्हणजे ६० नंबरच्या लिननच्या एका पौंडात १८,००० वार सूत. सुती धाग्याचे माप वेगळे. तिथे ८४० वारांची एक लड धरतात, त्यामुळे ६० नंबरच्या सुती धाग्याच्या एका पौंडात ५०,४०० वार सूत भरते. दोन्हीकडे आकडा साठच, पण साठ ली लिनन जाडीला साधारण २१ नंबरच्या सुती धाग्याइतके असते. गिऱ्हाईक साठ आकडा ऐकून मलमलीची कल्पना करते आणि हाताला लागते भरड काहीतरी. ती भरड म्हणजे खोट नव्हे, तो त्या धाग्याचा जातिधर्म आहे. मध्येच जाड, मध्येच बारीक अशी गाठाळ रेघ लिननला असतेच. ती इतकी आवडती झाली आहे, की पॉलिएस्टर-व्हिस्कोजच्या धाग्यात मुद्दाम तशा गाठी घालून ‘लिनन लुक’ म्हणून कापड विकतात. त्यात जवसाचा एक तंतूही नसतो.

नाव राहते आणि आतला धागा बदलतो, हे कापडाच्या बाबतीत पुन्हापुन्हा घडले आहे. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात मिळणाऱ्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांना रेल्वेच्या कागदोपत्री भाषेत ‘लिनन’ म्हणतात. त्या चादरी सुती किंवा मिश्र धाग्याच्या असतात. युरोपात कित्येक शतके अंथरूण-पांघरूण, टेबलावरचे कापड आणि अंगालगतचे कपडे जवसाच्या धाग्याचेच असत, म्हणून त्या साऱ्याला मिळून ते नाव पडले. पुढे कापूस आला, नाव तसेच राहिले, आणि ते नाव इंग्रजांच्या रेल्वेबरोबर आपल्या डब्यात येऊन बसले. झब्ल्यांसाठी आपण केंब्रिक घेतो. ते नाव उत्तर फ्रान्समधल्या कांब्रे या गावाचे, आणि तिथले मूळ केंब्रिक जवसाचे. आजचे केंब्रिक बहुतेक सुती असते. उन्हाळ्यात ज्या लॉनच्या ड्रेस-मटेरियलवर उड्या पडतात, ते लॉनही मुळात तलम लिननच होते. त्याचे नाव बहुधा लां या फ्रेंच गावावरून आले आहे.

असाच प्रवास उलट दिशेनेही झाला आहे, आणि त्यात आपली मुंबई आहे. डोंगरीला जाडेभरडे सुती कापड विकले जाई. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापारी त्याला डोंगरीच्या नावानेच ओळखू लागले. ते खलाशांच्या अंगावर चढले, कामगारांच्या अंगावर चढले, आणि आज जगभरची मुले ‘डंगरी’ घालून खेळतात. डोंगरीच्या गल्ल्यांतून जाताना हे आठवले की बरे वाटते. कालिकतवरून कॅलिको, छिटांवरून चिंट्झ, गोणीवरून गनी. आपल्या बंदरांनी जगाला कापड दिले, तशी कापडाची नावेही दिली. पोर्तुगीजांकडून घेतली तीही थोडी नाहीत. इस्त्री, फीत, काज, तुवाल हे आपले रोजचे शब्द त्यांच्या बोलीतून कोकण-गोव्याच्या वाटेने आले. गोव्यातल्या आणि वसईतल्या चर्चमध्ये वेदीवर पांढरे वस्त्र अंथरतात. जुन्या कॅथलिक शिस्तीत ते जवसाच्या धाग्याचेच हवे असे. तेव्हा लिनन नावाची वस्तू आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वीही घडी घालून ठेवलेली होती, आणि तिच्या सुरकुत्या काढायला इस्त्री लागतच होती.

पण त्याही मागे जायला हवे. जुन्या भारतीय ग्रंथांत जवसाच्या कापडाला ‘क्षौम’ म्हणत; क्षुमा म्हणजे जवस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत कातून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात लोकर, साल, कापूस, सावरीचा कापूस, ताग यांच्या पंगतीत क्षौम बसलेले आहे. बुद्धाने भिक्षूंना चीवरासाठी सहा प्रकारच्या कापडांची परवानगी दिली, त्या यादीत ‘खोम’, म्हणजे क्षौमच, पहिले. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याच्या वस्त्रांत ताग आणि लोकर यांच्या जोडीला क्षौम आहे. अमरकोशाने तर कापडांची मांडणीच धाग्याच्या उगमावरून केली: सालीचे ते वाल्क, फळाचे ते फाल, किड्याच्या कोशाचे ते कौशेय, प्राण्याच्या केसांचे ते रांकव. क्षौम हे वाल्काचे उदाहरण म्हणून दिलेले आहे, आणि फळाचे म्हणजे कापसाचे. दीड हजार वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या वस्त्रशास्त्राच्या पुस्तकातल्या पहिल्या धड्यापेक्षा मला जास्त स्वच्छ वाटते. एका ओळीत कळते की कापड कुठून येते.

पुढे क्षौमाचे काय झाले? दख्खनच्या काळ्या जमिनीत कापूस सहज येतो, वेचला की सरळ पिंजता येतो, कुजवण्याची यातायात नाही. त्यापुढे जवसाचे खोड मागे पडले आणि बी उरले. कापड नाहीसे झाले, शब्द राहिला. मग टीकाकार, भाषांतरकार ‘क्षौम’चा अर्थ सर्रास ‘रेशमी वस्त्र’ असा देऊ लागले. सोवळ्याच्या घरात रेशमी कद, मुकटा आणि लोकरीची धाबळी टिकली, क्षौम गेले. आज मराठी वाचक जुन्या आख्यानात क्षौम वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रेशीम येते. तिथे अंगाला गार लागणारे, करकरीत, चुरगळणारे लिनन आहे, हे त्याला सांगायला कोणी नाही.

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांमध्ये जवस अजून आहे. धान कापणीला येते तेव्हा बांधीत ओल असते. ती आटायच्या आत उभ्या धानातच जवस किंवा लाखोळी फेकून देतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. याला उतेरा म्हणतात. धान निघून जाते आणि खुंटांच्या मधून जवस वर येतो. लाखनीच्या बाजूला एका शेतात सकाळी पोचले, तेव्हा काही झाडे फुलावर होती आणि काहींना हिरवी बोंडे धरली होती. जवसाचे फूल सकाळी उमलते आणि दुपारी त्याच्या पाकळ्या गळतात. उशिरा जाणाऱ्याला निळाई दिसतच नाही. स्तोत्रांत विष्णूच्या कांतीला या फुलाची उपमा का दिली असेल ते त्या बांधीत उभे राहिल्यावर पटले. निळा म्हटला तर निळा, जांभळा म्हटला तर जांभळा, आणि पाकळी इतकी पातळ की मागचा उजेड तिच्यातून यावा.

शेतातल्या आजीबाईंना खोडाबद्दल विचारले. "तेल निंगते, चटणी होते," त्या म्हणाल्या. "काडी चुलीत जाते, नाही तं धुऱ्यावर जाळतो." मी एक झाड उपटून खोड मोडून दाखवले. आतली काडी तुटली, पण साल तुटेना. हिरवट दोऱ्यांनी दोन्ही तुकडे लोंबत राहिले. आजीबाईंनी ते हातात घेऊन ओढून पाहिले. "हे तं मले माहीत आहे," त्या म्हणाल्या, "जवस कापताना विळा भोथरा होते." म्हणजे धागा त्यांना ठाऊक होता, फक्त तो विळ्याचा वैरी म्हणून. हिरव्या बोंडांच्या चार पेंढ्या त्यांनी मला मुळासकट उपटून दिल्या. पैसे घेतले नाहीत. वर घरचे जवसाचे तेल दिले.

बोंडे हिरवी असतानाच पेंढ्या हव्या होत्या, कारण इथेच बियांचे आणि धाग्याचे भांडण आहे. बी पुरते पिकू दिले की खोडातला धागा राठ होतो. धागा तलम हवा तर पीक आधीच उपटावे लागते आणि तेल कमी मिळते. शिवाय आपला जवस बियांसाठी निवडत निवडत आलेला: बुटका, फांद्या फुटणारा, विरळ पेरलेला. फांदी फुटते तिथे धागा तुटतो. युरोपात धाग्याचा जवस इतका दाट पेरतात की रोपांना फांदी फोडायला जागाच उरत नाही. ती सरळ मीटरभर वर जातात. भारतातले कृषिसंशोधक बी आणि धागा दोन्ही देणाऱ्या वाणांवर काम करत आले आहेत. कारखाने मात्र अजून परदेशी तंतूवर उभे आहेत. हुगळीकाठी रिश्राला लिननची जी मोठी सूतगिरणी आहे, तिथला तंतू फ्रान्स-बेल्जियमकडून येतो. म्हणजे भंडाऱ्याची काडी धुऱ्यावर जळते आणि नॉर्मंडीची काडी जहाजाने बंगालला येते.

नॉर्मंडीपासून बेल्जियम-हॉलंडपर्यंतच्या किनारपट्टीत या पिकाचे सगळे जमून येते. मार्च-एप्रिलमध्ये पेरणी, शंभर दिवसांत उपटणी. कापत नाहीत, उपटतात. धागा मुळापर्यंत अखंड राहावा म्हणून. उपटलेले पीक शेतातच ओळींनी आडवे पसरतात. समुद्राकडचे दव आणि मधूनच पडणारा पाऊस यांनी ते काही आठवडे हळूहळू कुजते. साल आणि काडी यांना चिकटवणारा जो डिंक असतो तेवढाच कुजला पाहिजे, धागा नाही. एक दिवस कमी पडला तर साल सुटत नाही, जास्त झाला तर धागाच मरतो. पूर्वी बेल्जियममध्ये कोर्टराईकच्या बाजूला लीस नदीत पेंढ्या बुडवून ठेवत. त्या पाण्यातला तंतू इतका सोनेरी निघे की नदीलाच सोन्याची नदी म्हणू लागले. तिच्या काठावर राहणाऱ्यांना मात्र वास सोसावा लागे, आणि पाणी मरून जाई. विसाव्या शतकाच्या मध्याला ते थांबले आणि दवाची रीत राहिली.

आयर्लंडने या कापडावर एक शहर उभारले. फ्रान्समधून परागंदा झालेला ह्यूगेनॉ कारागीर लुई क्रोमेलिन १६९८मध्ये लिस्बर्नला आला आणि त्याने तिथल्या घरगुती विणकामाला वळण लावले. पुढे शंभर-दीडशे वर्षांत बेलफास्ट लिननचे जगातले मोठे केंद्र झाले. त्यामागे एक साधी युक्ती होती. जवसाचा तंतू कोरडा कातला तर भरड सूत निघते. १८२५च्या सुमारास प्रेस्टनच्या जेम्स के याने तंतू पाण्यात भिजवून मग कातायला सुरुवात केली. पाण्याने तंतूंमधला उरलेला डिंक सैल होतो, ते एकमेकांवरून घसरतात आणि तलम सूत निघते. हाताने कातणाऱ्या बायका हेच शतकानुशतके करत होत्या, बोटे ओली करून. गिरणीत मात्र त्या युक्तीची किंमत दुसऱ्याच कोणी भरली. ओल्या कताईच्या खोल्यांत बाया आणि अर्धवेळ शाळेत जाणारी पोरे वाफेत, साचलेल्या पाण्यात अनवाणी उभी राहत; पाय सुजत, नखे झडत. विंचरण्याच्या खोल्यांत धुळीने छाती भरे. पाय सुजत, नखे झडत. तलम आयरिश रुमालाबद्दल लिहिताना हे सोडून देता येत नाही.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस अडला, आणि बेलफास्टच्या गिरण्या दिवसरात्र चालू लागल्या. त्याच काळात, त्याच कारणाने, वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईहून चढत होता आणि शेअरबाजार पेटला होता. जवस आणि कापूस ही दोन्ही पिके विदर्भाच्या एकाच मातीत होती. भाव आला तो कापसाला.

चार पेंढ्या घेऊन मी सांगोला तालुक्यात गेले. तिथे एका गावात घायपाताचा आणि अंबाडीचा दोर वळणारे एक तात्या आहेत, सत्तरीच्या पुढचे. दोर वळणे हे बलुतेदारीत मातंगांकडे असलेले काम. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांच्या कामांची नोंद केली आहे. ती वाचताना ध्यानात येते, की कुणब्याच्या शेतीचे पान या दोराशिवाय हलत नव्हते. मोटेचा नाडा, सोंदूर, बैलाचा कासरा, म्होरकी, वेसण, जुंपणी, दावे, दावण, चऱ्हाट, शिंके, मुसकी. प्रत्येकाची जाडी वेगळी, पेड वेगळे, पीळ वेगळा. आणि या साऱ्याच्या बदल्यात सुगीला खळ्यावर जे पडेल ते. हे काम जन्माने गळ्यात बांधलेले होते. त्याची मोडतोड झाली याबद्दल हळहळावे असे मला वाटत नाही; तात्यांची मुले शहरात नोकरी करतात हे चांगलेच झाले. हळहळ वाटते ती याची, की ज्यांच्या हातात ही विद्या होती त्यांना विद्यावंत म्हणून कोणी विचारले नाही, आणि आता विचारायचे म्हटले तर वेळ थोडा उरला आहे.

तात्यांनी पेंढी उलटीपालटी करून पाहिली. "ह्यो जवस व्हय? ह्येचा वाख निगतो?" वाख म्हणजे खोडाच्या किंवा पानाच्या सालीतून निघणारा धागा. अंबाडीचा वाख, तागाचा वाख, केकताडाचा वाख. अमरकोशातला वल्क आणि तात्यांच्या तोंडचा वाख शेजारी ठेवले की वाल्काची ती सगळी जात कुठे जाऊन राहिली ते कळते. लिननच्या तंतूला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला तिथे संपल्यासारखा वाटला. जवसाचा वाख.

पेंढी त्यांनी मुळांकडून सारखी केली, दोन ठिकाणी सैल बांधली आणि ओढ्यातल्या डबक्यात आडवी ठेवून वर दगड ठेवला. अंबाडी कुजत घालतात तशीच. "वाहत्या पाण्यात ठिवायचं न्हाई," ते म्हणाले, "पानी सारखं बदललं की कुजत न्हाई. आन् लई साठलेलं बी नगं, काळं पडतं." अंबाडी जाड, म्हणून तिला जास्त दिवस लागतात, जवसाची काडी बारीक, तिला निम्मेही लागणार नाहीत, असा त्यांचा अंदाज. कुजले कसे ओळखायचे? त्यांनी हवेतच एक काडी मोडून दाखवली: "आतली काडी कडकन मोडली पायजे, आन् साल सुटून हातात आली पायजे." फ्लांडर्सच्या शेतकऱ्याची परीक्षा अगदी हीच आहे.

पेंढ्या भिजत होत्या तेवढ्यात सोलापूर गाठले. सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक ओळख मिळालेली आहे, पण ते काम बहुतेक यंत्रमागावर चालते. हातमागावर बसणारी घरे बोटावर मोजण्याइतकी. पूर्व भागातल्या एका पद्मशाली घरात आजोबा, अण्णा, अजून मागावर बसतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मागाला ते कधी ‘मग्गम’ म्हणतात, कधी माग. मी लिनन सुताचा एक कोन बरोबर नेला होता. अण्णांनी आधी दोन बोटांत धागा फिरवला, मग दोन्ही हातांत धरून ताणला. तटकन तुटला. "ह्याला लवण नाही," ते म्हणाले. "सूत थोडं लवतं, मग तुटतं. हे लवतच नाही." मग त्यांनी पाण्याच्या वाटीत धागा बुडवला आणि पुन्हा ताणला. या वेळी हाताला वळ उठला तरी तुटेना. लिनन ओले झाले की त्याचे बळ वाढते, हे मी वाचलेले होते. त्यांना ते वाटीभर पाण्याने कळले. "मग ताण्याला हे घालायचं तर मागावर ओल पाहिजे," असे म्हणून ते गप्प राहिले आणि मागाकडे बघत हिशेब करू लागले.

त्यांच्याकडून मी शब्द लिहून घेतले. उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. बाण्याचे सूत कांडीवर भरायचे, कांडी धोट्यात बसवायची, धोटा डावीकडून उजवीकडे फेकायचा. ताण्याचे धागे वहीतून ओवलेले, पुढे फणीच्या दातांतून काढलेले. पायाखाली पावडी, ती दाबली की वही उचलते आणि ताण्यात फट पडते. विणलेले कापड तुरीवर गुंडाळले जाते. आणि या सगळ्याच्या आधी पाजणी. पिठाची पातळ खळ करून ताण्याला पाजायची, म्हणजे धागे फणीत घासून फुटत नाहीत. पाजणीचे वर्णन करताना अण्णा मागावरून उतरले आणि बाहेर गल्लीत येऊन उभे राहिले. इथून तिथपर्यंत पहाटे ताणा पसरलेला असायचा, दोन्ही बाजूंनी घरची माणसे कुंचे घेऊन खळ लावत पुढे सरकायची, शेजारी मदतीला यायचे. ऊन चढायच्या आत संपवायचे, नाहीतर खळ धाग्यावर तडकते. आज त्या गल्लीत दुचाक्या उभ्या असतात.

इचलकरंजीत १९०४मध्ये पहिला यंत्रमाग लागला, जहागीरदार घोरपड्यांच्या प्रोत्साहनाने. तिथून हा धंदा भरभराटला आणि त्याची बोली वेगळी झाली: बीम, रीड, शटल, पीक, सायझिंग, जॉबर. हे शब्द परके म्हणून टाकण्यासारखे नाहीत. लाखो मराठी कामगारांनी ते तीन पिढ्या वापरले आहेत, ते आता मराठीच आहेत. मात्र वस्त्रोद्योगाच्या शाळेत मुलाला ‘सायझिंग’ शिकवताना त्याच्या आजोबांची पाजणी म्हणजे तेच, एवढे एक वाक्य कोणी बोलावे. मुलगा एका क्षणात घरच्या विद्येशी जोडला जाईल. तंत्राचे मराठी पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी सोलापूर, येवला, नागपूरच्या विणकरांकडे आणि सांगोल्याच्या तात्यांकडे चार दिवस बसायला काहीच हरकत नव्हती. त्याऐवजी संस्कृतातून नवे शब्द पाडले गेले, आणि ते ना कामगार बोलतो, ना शिक्षक.

तात्यांचा निरोप आला तेव्हा पेंढ्या पाण्याबाहेर काढून, धुऊन, वळचणीला वाळत घातलेल्या होत्या. वास अजून येत होता. त्यांनी काड्यांची मूठ घेतली, लाकडी ओंडक्यावर ठेवली आणि मोगरीने चोपली. काडीचा भुगा होऊन खाली पडू लागला, साल हातात राहिली. मग तीच मूठ दुसऱ्या टोकाने. नंतर त्यांनी भिंतीच्या कोनाड्यातून लोखंडी दातांची जुनी फणी काढली आणि वाख विंचरायला घेतला. गुंतलेला, तुटका भाग फणीत अडकत गेला, लांब धागे सुटे झाले. युरोपातल्या गिरण्यांत या दोन भागांना वेगळी नावे आहेत आणि वेगळा भाव आहे. तात्यांनीही दोन वेगळे ढीग केले, न सांगता.

हातात उरला तो वीत-दीड वीत लांबीचा, फिकट राखाडी, उजेडात धरला तर चमकणारा वाख. अंबाडीचा वाख त्यापुढे रांगडा दिसत होता. तात्यांनी थोडे धागे मांडीवर घेऊन तळहाताने पीळ दिला. सुटला. त्यांनी तळहात ओला केला आणि पुन्हा वळले; या वेळी पीळ बसला, बारीक आणि घट्ट. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, ओढून पाहिला, आणि माझ्या हातात दिला.

"वाख नामी हाय, ताई, पर आखूड. ह्येचा दोर न्हाई व्हायाचा. सूत व्हईल. आता ह्ये कातणारनीकडं न्या, आन् तिला म्हणावं, बोटं वली ठिवून कात."